वरच्या खोलीचं दार

बाई अंगठ्यानं पुसायच्या. खोडरबर त्यांनी आयुष्यात वापरला नसावा. उजव्या हाताचा अंगठा जिभेला लावायचा आणि मुलाच्या कागदावरची चुकलेली रेघ एका फटक्यात पुसून टाकायची. रेघ जायचीच, बऱ्याचदा कागदही जायचा. मग त्या भोकातून मुलाकडं बघत म्हणायच्या, "आता दिसलं का? पुन्हा काढ."

हे फक्त मुलांच्या वाट्याला येत नव्हतं. तास संपल्यावर मी फळा तसाच सोडून निघालो, तर त्या स्टाफरूमपर्यंत माझ्यामागं यायच्या. "ओ केमिस्ट्री, तुमचा पसारा पुसा."

मास्तरांना त्या विषयाच्या नावानं हाक मारायच्या आणि मुलांना गावाच्या. "ए मुरुड, सरळ बस." "ए कंधार, खिडकीतून काय पाहून राहिला?" कॉलेजातलं कुणी त्यांना आवडत नव्हतं, आणि त्याही कुणाला आवडत नव्हत्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. ते येताना दिसलं की आपण चहाचा कप घेऊन दुसऱ्या टेबलावर जातो. आमच्या बाई तशा होत्या. जाणाऱ्यांत मी पहिला असायचो.

मी तेव्हा लातुरात संस्थेच्या ज्युनियर कॉलेजात नवा लागलो होतो. त्याच आवारात संस्थेचं हायस्कूल होतं; बाई तिथं चित्रकला शिकवायच्या. अकरावी-बारावीला चित्रकलेला कोण विचारतो? आमच्याकडं त्यांचं काम एवढंच, की निकाल लागला की बोर्डावर रंगीत खडूनं अभिनंदन लिहायचं. ते त्या इतक्या रागानं लिहायच्या, की वाचणाऱ्याला शिवी दिल्यासारखं वाटावं.

बाई मूळच्या नांदेडच्या, जुन्या गावातल्या. त्यांचे वडील लग्नात द्यायच्या पत्र्याच्या पेट्या रंगवायचे: गुलाबाची फुलं, मोर, पेटीच्या झाकणावर नवरीचं नाव. बाई त्यांच्याच हाताखाली शिकल्या. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एका नव्या शिपायानं एकदा विचारलं होतं. "तुझं झालंय ना? सुखात हायेस?" एवढंच बाई म्हणाल्या. तो बिचारा आठवडाभर बाईंच्या वाटेला गेला नाही.

भूकंपाला चार-सहा वर्षं झाली होती. लातूर आता भूकंपाचं राहिलं नव्हतं, निकालाचं झालं होतं. हदगाव, कंधार, देगलूर, उदगीर, कुठून कुठून पोरं यायची. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात गादीची वळकटी. ज्याला त्याला डॉक्टर व्हायचं होतं. गल्लीगल्लीत क्लास निघाले आणि घराघरात खोल्या. लोकांनी गोठे झाडून खाटा टाकल्या. दर दुसऱ्या दारावर पाटी, ‘खोली भाड्याने देणे आहे’.

आणि अशा गावात बाईंना खोली मिळत नव्हती.

पाटी बघून त्या दार वाजवायच्या. घरमालकीण हसून आत बोलवायची, नळाला पाणी किती वेळ येतं ते सांगायची. मग नाव विचारायची. नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. "पाटी काढायची राहिली बघा," असं म्हणून ती पाटी काढायचीसुद्धा. बाई गल्लीच्या टोकाला जाऊन थांबायच्या आणि पाटी पुन्हा लागली की मगच पुढं जायच्या. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, चहा पिता पिता, दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तसं. आम्ही कपात बघत राहिलो.

तोवर त्या मुलींच्या वसतिगृहातल्या सामानाच्या खोलीत राहत होत्या. पण जूनमध्ये नव्या मुली येणार, ती खोली लागणार. तोपर्यंत घर नाही मिळालं, तर संस्था त्यांना आपल्या कंधारच्या शाळेत पाठवणार होती. प्राचार्यांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. बाईंना जायचं नव्हतं. त्यांना लातूर आवडत होतं असंही नाही. पण "हाकललं म्हणून मी जात नसते," हा त्यांचा हट्ट होता.

आमच्या घराच्या गच्चीवर एक खोली होती. भूकंपानंतर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती बांधली. वर पत्रे टाकले. म्हणायचे, "स्लॅबवर आणखी स्लॅब नको. पत्रा पडला तर डोकं फुटेल, पण माणूस वाचेल." बाहेरून लोखंडी जिना, वर हिरवं दार, दाराला मोठं काळं कुलूप. आमच्याकडं मात्र पाटी नव्हती. अण्णांना पोरांचा गोंगाट नको होता.

एके दिवशी बाईंनी मला कॉलेजच्या जिन्यात गाठलं.

"ओ केमिस्ट्री, तुमच्या वरची खोली रिकामी हाय म्हणतात."

"हो, म्हणजे... अण्णांना विचारून सांगतो."

"विचारा. मी गोंगाट करत नसते. भांडायचं असलं तर बाहेर जाऊन भांडते."

मी हसलो. घरी गेलो. जेवताना अण्णा समोरच बसले होते. मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अण्णांच्या कपाळावर पडणारी आठी मला न विचारताच दिसली. शेजारच्या काकू काय म्हणतील ते ऐकू आलं, गावाकडच्या आत्याचं तोंड दिसलं. सगळ्यांच्या वतीनं मीच नाही म्हणून टाकलं, आणि बाईंना तेही सांगितलं नाही. मी वाईट माणूस नव्हतो, असं मला तेव्हा फार मनापासून वाटायचं.

त्या दिवसापासून ‘पुसा’सारखाच बाईंचा आणखी एक शब्द झाला, फक्त माझ्यासाठी. "विचारलं का?"

वऱ्हांड्यात भेटल्या की, "विचारलं का?" प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे परीक्षक बसलेले, बाई दारात येऊन, "विचारलं का?" झेंडावंदनाला सगळे सावधान उभे असताना मागच्या रांगेतून हळूच, "केमिस्ट्री, विचारलं का?" मी प्रत्येक वेळी म्हणायचो, "आज विचारतो." स्टाफरूममध्ये समज झाला, की मला कुठल्या तरी मुलीला मागणी घालायची आहे आणि माझी हिंमत होत नाही. फिजिक्सचे सर मला धीर द्यायला लागले. "विचारून टाका राव. फार तर नाही म्हणेल."

त्याच हिवाळ्यात सायकल स्टँडच्या लांब भिंतीवर कुणीतरी कोळशानं लिहिलं: ‘भूकंप आला, नंबर लागला’.

भूकंपग्रस्त गावांतल्या मुलांसाठी आमच्याकडं काही जागा राखून ठेवल्या होत्या. बाकीच्या पोरांच्या ते डोळ्यांवर यायचं. त्या मुलांत एक सुमन होती. किल्लारीकडच्या गावची. वडील आणि धाकटा भाऊ भिंतीखाली गेले होते. ती आणि आई तेवढ्या राहिल्या. ती अक्षरं पाहिली त्याच दिवशी ती ऑफिसात येऊन उभी राहिली. "सर, माझा दाखला द्या."

प्राचार्य घाबरले. गेल्याच आठवड्यात नांदेडच्या आणि उदगीरच्या पोरांची मेसमध्ये भाजीवरून मारामारी झाली होती, आणि पुढच्या महिन्यात तपासणी समिती यायची होती. त्यांनी सुमनला थोडं थांबायला सांगितलं आणि बाईंना बोलावलं. मीही तिथं होतो.

"बाई, त्या भिंतीवर एक मोठं चित्र पाहिजे. सगळ्या मुलांनी मिळून काढलेलं. वेगवेगळ्या गावची मुलं, हातात हात. वरती ‘आपण सारे एक’."

"एक कुठं हायेत?" बाई म्हणाल्या. "रोज एकमेकांच्या सायकलची हवा काढतात."

"म्हणूनच तर चित्र."

"चित्रानं चाकात हवा भरत नसते, सर." मग जरा थांबून, "काढते. पण हात-बित नाही, झेंडे नाही, कबुतरं नाही. ज्यानं त्यानं आपल्या घराचं दार काढायचं. जसं हाय तसं."

"बरं, दारं. आधी ते लिहिलेलं पुसून घ्या. चुना मारा."

"ते नाही पुसायचं."

मी दचकून बाईंकडं पाहिलं. दिवसभर जगाला ‘पुसा’ म्हणणारी बाई.

"ज्यानं लिहिलं तो पुसेल," बाई म्हणाल्या. "मी कुणाचं उष्टं काढत नसते."

"आणि नाहीच पुसलं त्यानं तर?"

"तर समितीला पण वाचू द्या."

काम सुरू झालं. बाकी भिंतीला चुना दिला, ती ओळ सोडून. बाईंनी कोळशाच्या रेघेनं भिंतीवर चौकोन पाडले, प्रत्येकाला एक. पोरं लागलीच मला विचारायला आली, कारण बाईंना विचारायची भीती. "सर, याला मार्क हायेत का?" "सर, इंटर्नलला धरणार का?" "सर, दार कोणत्या साइडनं काढायचं? बाहेरून का आतून? पेपरात कसं येतं?"

मध्येच ईद आली. बाई आईकडं नांदेडला गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "मी नसताना तुम्ही लक्ष द्या. काही करू नका, नुसतं लक्ष द्या."

पण मी लातूरचा मास्तर. नुसतं लक्ष देणं मला कसं जमणार? पोरांचा गोंधळ बघवेना. मी रात्री बसून एक चांगलं दार काढलं. दोन फळ्या, चौकट, उजवीकडं कडी, वर पाच पानांचं तोरण. खाली नीट मापं टाकली, भागांना नावं दिली, वर लिहिलं ‘नमुना आकृती’, आणि सायक्लोस्टाइलवर प्रती काढून वर्गात वाटल्या. आम्ही सगळंच असं शिकवायचो. हृदयाची आकृती, फुलाची आकृती, तशी दाराची. पोरांचे चेहरे उजळले. आता काय करायचं ते त्यांना कळलं होतं.

बाई परत आल्या तेव्हा भिंत भरली होती. मी बाजूला उभा होतो, शाबासकीची वाट बघत.

भिंतभर एकच दार होतं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर-खाली, तेच दार. उजवीकडं कडी. पाच पानांचं तोरण. नांदेडच्या इमामच्या दारालाही तोरण होतं. ज्याच्या घराला नुसता गोणपाटाचा पडदा होता, त्यानंही कडी काढली होती. एका हुशार पोरानं तर भागांना नावंसुद्धा दिली होती.

बाई भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. पोरं रांगेत उभी.

"ए कंधार. तुझ्या दाराला तोरण हाय?"

"न्हाई, बाई."

"मग का काढलं?"

"आकृतीत होतं."

"ए देगलूर, तुझी कडी कुठल्या बाजूला?"

"डावीकडं हाय, बाई. पण सर म्हणले..."

बाई माझ्याकडं वळल्या. सगळ्या पोरांसमोर म्हणाल्या, "केमिस्ट्री, एवढी माणसं तुम्ही एकाच घरात घातली. आणि मला एक खोली मिळंना."

पोरांना नीट काही कळलं नाही, पण मास्तरला बोलणं बसलंय एवढं कळलं. ती खाली बघून हसली. तेवढ्यात मागून सुमनचा आवाज आला. ती चित्रात नव्हतीच. दाखल्याची वाट बघत कोपऱ्यात उभी राहायची.

"बाई, हे आमच्या नव्या गावासारखं दिसतंय."

"कसं?"

"सरकारनं सगळी घरं सारखी बांधली. दारं सारखी, रंग सारखा. माणसं दुसऱ्याच्याच घरात शिरतात. एकदा एक म्हातारा आमच्या चुलीपाशी येऊन बसला अन् आईला म्हणला, ‘सूनबाई, भाकर टाक.’"

पोरं खो खो हसली. सुमनही जरा हसली. बाई हसल्या नाहीत.

"मग तुम्ही तुमचं घर कसं ओळखता?"

"आईनं जुन्या घराचा उंबरा आणलाय. दगडाचा. वाडीची माणसं लावून उकरला, बैलगाडीत घालून आणला, अन् नव्या दारापुढं बसवला. उंच झालाय. येणारा-जाणारा धडपडतो, आईला शिव्या देतो. आई म्हणते, ठेच लागली की आपलं घर."

कुणी हसलं नाही.

बाईंनी अंगठा जिभेला लावला आणि पहिल्या दाराचं तोरण पुसलं. मग म्हणाल्या, "पुसा. सगळं पुसा. केमिस्ट्री, तुम्ही पण. बादली घ्या."

मी पँट वर करून पोरांबरोबर भिंत धुतली, ती ओळ सोडून. माझी आकृती मीच घासून काढली. बाई पाठीमागं उभ्या राहून सांगत होत्या, "तिकडं राहिलं. तोरण राहिलं तुमचं."

सुमनला त्यांनी कोळसा दिला. तिला एकटीलाच बाई तिच्या स्वतःच्या नावानं हाक मारायच्या, कारण गावाचं नाव घेतलं की तिचा चेहरा कसा व्हायचा ते त्यांनी एकदा पाहिलं होतं.

"सुमन, काढ."

"बाई, मला दार न्हाई. मी जाणार हाय."

"दार कोण मागतंय? उंबरा काढ. मग कुठं जायचं तिकडं जा."

आता गंमत बघा. भिंतीवर जागा पुष्कळ होती. पण सुमन गेली ती नेमकी त्या कोळशाच्या ओळीखाली. जमिनीला टेकून तिनं एक जाड, आडवा दगड काढला, एका कोपऱ्यात टवका उडालेला. वर चौकट नाही, फळ्या नाहीत. दाराच्या जागी ती ओळच उभी: ‘भूकंप आला, नंबर लागला’. उंबऱ्यावर पाय ठेवून आत बघावं, तर समोर तेच.

येणारा-जाणारा थबकायचा. ज्यांना ते वाक्य गमतीचं वाटत होतं, तेही आता सायकल दुसऱ्या बाजूनं न्यायला लागले.

बाकीची दारं नव्यानं येत गेली. ट्रकच्या मागच्या जुन्या फाळक्याचं दार आलं. आतल्या बाजूनं तीन कड्या असलेलं एक आलं. एकाचे वडील दुकानात राखणीला होते आणि तिथंच राहायचे. त्यानं दुकानाचं शटर काढलं, खाली वाकून आत जाण्यापुरतं उघडं. गोणपाट आला. बाई प्रत्येकाच्या मागं उभं राहून टोचत होत्या. "हे खरं हाय का आकृती हाय? पूस."

बालाजीची जागा सुमनच्या शेजारी होती. हदगावचा हा मुलगा, अबोल, मान खाली घालून असायचा. त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार त्याच्याबरोबर लातूरला आला होता आणि त्याचं नाव प्रवेशाच्या यादीत थोडक्यात हुकलं. तो परत गावी गेला. बालाजी एकटा राहिला. चार दिवस त्यानं भिंतीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत, त्यानं फडकं घेतलं आणि ती ओळ पुसायला लागला.

सुमन उंबऱ्यात गेरू भरत बसली होती. वर बघून म्हणाली, "तू होय?"

"हाव. सरक जरा."

"मी न्हाई सरकत. तसंच पूस."

तो घासत राहिला. कोळसा जाईना, नुसता फासत होता.

"कोरड्यानं जात न्हाई ते," सुमन म्हणाली. "पाणी घे." आणि आपली बादली पायानं त्याच्याकडं ढकलली. प्रेमानं नाही, चांगली आदळून. पाणी त्याच्या पँटवर उडालं. माफी त्यानं मागितली नाही आणि तिनंही ती दिली नाही. घासून झालं तेव्हा अक्षरं गेली होती. उंबऱ्याच्या वर एक धुरकट, करडा डाग उरला होता, माणसाच्या उंचीचा.

बाई आल्या. डाग पाहिला. सवयीनं अंगठा जिभेकडं गेला. मग त्यांनी तो हात खाली घेतला आणि पदराला पुसला.

"हे राहू दे," म्हणाल्या.

त्यानंतर सुमननं दाखल्याचं नाव काढलं नाही. बारावीनंतर ती नर्सिंगला गेली. पण ते पुढं.

समिती यायच्या आदल्या दिवशी पोरांनी बाईंना घेरलं. "बाई, तुमचं दार?" त्या म्हणाल्या, "मास्तराला दार नसतं." पोरं ऐकेनात. सगळ्यात वरच्या कोपऱ्यात एक चौकोन रिकामा होता. शेवटी पोरांनी टेबल आणलं, टेबलावर स्टूल, आणि दोघांनी ते धरून ठेवलं. बाई पदर खोचून वर चढल्या. कुणाशी न बोलता त्यांनी काढलं.

मी खालून बघत होतो. आधी लोखंडी जिना आला. मग वर पत्र्याची कड. मग हिरवा रंग. मग दारावर एक मोठं काळं कुलूप.

पोरं म्हणाली, "बाई, नांदेडचं का हो?" बाई खाली उतरल्या, हात धुतले आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"बरोबर आलंय ना, केमिस्ट्री?" आवाज अगदी हळू होता. "खालूनच पाहिलं होतं. वर कधी आले नाही ना मी."

मला त्या वेळी काय म्हणता आलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्या वेळी मी म्हणालो, "छान आलंय."

जूनमध्ये वसतिगृहात नव्या मुली आल्या आणि बाईंची कंधारला बदली झाली. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. "ज्यांना मी नको होते त्यांच्या हातचा नारळ मला नको," म्हणाल्या. बसस्टँडवर मी आपणहून गेलो. त्यांच्याकडं वडिलांनी रंगवलेली पत्र्याची पेटी होती; झाकणावर गुलाब, आणि नवरीच्या नावाची जागा कोरी. मी ती उचलली.

"हळू. रंग जाईल. तुमचं काय जातंय."

पेटी वर चढवली. त्या खिडकीशी बसल्या. ड्रायव्हरनं गाडी चालू केली आणि त्यांनी बाहेर बघत, माझ्याकडं न बघता, शेवटचं विचारलं, "विचारलं का?"

आणि मी म्हणालो, "विचारलं, बाई. अण्णा नाही म्हणाले."

बाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका मऊ झाला. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "विचारलं तरी. बाकी कुणी तेवढं पण केलं नाही." खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझ्या शर्टावरचा खडूचा डाग अंगठ्यानं पुसला. बस गेली.

त्या खोट्यावर त्या माझ्याशी चांगल्या वागल्या. तेवढं एकदाच.

पुढं काही वर्षांनी त्या गेल्याचं कळलं. नांदेडच्या दवाखान्यात सुमन नर्स होती. शेवटी तीच त्यांच्याजवळ होती. तिनं मला फोन केला. "बाई शेवटपर्यंत भांडत होत्या, सर. सलाइन लावायला आलेल्या पोरीला म्हणल्या, पूस आधी हात." आम्ही दोघंही फोनवर हसलो.

त्या संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं. ते थकले होते तोवर, ऐकू कमी यायचं. जरा वेळानं म्हणाले, "ती चित्रकलेची बाई? तिला खोली मिळत नव्हती ना तेव्हा? फिजिक्सवाले म्हणाले होते. मला वाटलं तू आणशील तिला. वर रिकामीच होती की. चित्रं तरी लावली असती भिंतीला."

अण्णांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

भिंत अजून आहे. पण तिच्यावर आता दर वर्षी निकालाचा फ्लेक्स लागतो: गुणवंतांचे फोटो, खाली टक्के. जुना निघतो आणि नवा लागतो, त्याच्या मधल्या एका दुपारी ती उघडी असते. मी आता सीनियर, फ्लेक्सचं काम माझ्याकडंच असतं. यंदाही मी तिथं उभा होतो. खालचा उंबरा फ्लेक्सच्या बाहेर राहतो, सगळ्यांच्या पायाशी; तो झिजलाय, पण आहे. वरची दारं फिकी झाली आहेत. हिरवं मात्र बऱ्यापैकी टिकलंय. काळं कुलूप तर आज लावल्यासारखं.

शिडीवरचा फ्लेक्सवाला तोंडातला खिळा काढून थांबला. यंदा गुणवंत पोरं जास्त होती आणि फ्लेक्स मोठा होता.

"सर, हे वरचं दार कुणाचं हाय हो? झाकू का ठेवू?"

मी वर पाहिलं. खाली पोरं उभी होती, प्राचार्यांच्या केबिनचं दार उघडं होतं.

"विचारून सांगतो," मी म्हणालो.